स्कूटर घसरली, दोष टायरचा की हाताचा?

प्रश्न: वयाच्या ४२व्या वर्षी स्कूटर शिकले. गाडी कोरी घेतली, कोरड्या रस्त्यावर छान चालवत होते. मग बऱ्याच दिवसांनी पाऊस भुरभुरला आणि त्याच दिवशी मी पडले. वळणावर समोरून सायकलवाला आला, मी दचकून ब्रेक दाबला आणि गाडी अंगाखालून निघूनच गेली. वेग फार नव्हता. कोपर आणि गुडघा खरचटला, त्यापलीकडे लागलं नाही. पण आता रस्ता ओला दिसला की पोटात गोळा येतो. दोन्ही ब्रेकवर बोटं आवळून, पाय खाली सोडून चालवते. शेजारी म्हणतात, गाडीबरोबर येणारे टायर टुकार असतात, लगेच बदला. मेकॅनिक म्हणाला, हवा थोडी कमी ठेवा, पकड वाढेल. भाऊ म्हणतो, पुढचा ब्रेक विसरूनच जा. यातलं कुणाचं ऐकू? आणि मुलीला मागे बसवून क्लासला सोडता यावं म्हणून ही गाडी घेतली होती. ते कधी जमेल?

उत्तर: तिघांपैकी मेकॅनिकचं आणि भावाचं अजिबात ऐकू नका. शेजाऱ्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, पण टायर बदलायला आज धावू नका. तुम्ही पडलात त्या क्षणी तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. गाडी वळत होती, रस्त्यावर कोरड्या दिवसांनंतरचं पहिलं पाणी होतं, आणि ब्रेक एकदम दाबला गेला. या तिन्ही गोष्टींपुढे महागातला टायरही बहुधा टिकला नसता. यातली तिसरी गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात असते, म्हणून मी सगळ्यात जास्त तिच्याबद्दलच लिहिणार आहे.

एक चित्र मनात पक्कं करून घ्या. धावत्या स्कूटरचा रस्त्याशी खरा संबंध येतो तो फक्त दोन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी जेमतेम तळहाताएवढ्या रबराचा. ब्रेक लागतो तो तिथे, गाडी वळते ती तिथे, वेग वाढतो तोही तिथेच. त्या रबराची पकड ही खात्यातल्या शिलकीसारखी आहे. वळताना त्यातला काही भाग वळण्यातच खर्च होत असतो. अशा वेळी ब्रेक दाबलात तर उरलेल्या शिलकीतूनच त्याची भरपाई व्हायला हवी. कोरड्या रस्त्यावर शिल्लक इतकी असते की दोन्ही खर्च एकदम केले तरी सहसा भागतं. ओल्या डांबरावर ती साधारण निम्म्यावर किंवा दोन-तृतीयांशावर येते, आणि तोच हिशेब, तीच सवय, तोच वेग अंगाशी येतो. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालं. म्हणून ओल्या रस्त्यासाठी मी एकच नियम सांगेन: एका वेळी एकच काम. ब्रेक लावायचा तर गाडी सरळ असताना. वळायचं तर ब्रेक आधी सोडून. वेग वाढवायचा तर गाडी पुन्हा सरळ उभी झाल्यावर.

हे ऐकायला सोपं वाटतं. करताना मात्र एक अडचण येते, वळणाच्या आधीच वेग कमी झालेला असावा लागतो. नवीन चालक बहुतेकदा वळणात शिरतात आणि मग त्यांना वेग जास्त वाटतो. तुम्ही वळणाच्या बऱ्याच अलीकडे, रस्ता सरळ असतानाच वेग उतरवा, म्हणजे आत गेल्यावर ब्रेकची गरजच पडणार नाही. वळणातला वेग ताशी ३० किलोमीटरवरून २० वर आणला, तर टायरवरचा आडवा ताण निम्म्याहून कमी होतो, कारण हा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. त्या १० किलोमीटरनी पोचायला जो उशीर होईल तो तुमच्या लक्षातही येणार नाही. पण सायकलवाला समोर आलाच, तर हलका ब्रेक लावायला पुरेल एवढी पकड शिल्लक राहील.

थांबायच्या अंतराचंही तेच. ताशी ४० च्या वेगात आपण दर सेकंदाला ११ मीटर पुढे जातो. समोरचं दिसून हात ब्रेकवर दाबला जाईपर्यंत सहज एक सेकंद जातो. खरं ब्रेकिंग त्यानंतर सुरू होतं. ब्रेक लागल्यापासूनचं अंतर कोरड्या रस्त्यावर ४० च्या वेगाला जेवढं असतं, ढोबळमानाने तेवढंच ओल्या रस्त्यावर ३० च्या वेगाला लागतं. त्यामुळे ओल्या दिवशी काट्याकडे बघून मनातल्या मनात १० चा आकडा वजा करा आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर नेहमीच्या दुप्पट ठेवा. मध्ये कुणी घुसलं तर घुसू द्या, आपण पुन्हा थोडं मागे व्हायचं.

आता पुढचा ब्रेक. तो विसरून जा हा सल्ला भावाने काळजीपोटीच दिला असणार, पण तो धोक्याचा आहे. ब्रेक लागला की गाडीचं आणि आपलं वजन पुढे सरकतं. पुढचं चाक रस्त्यावर जास्त जोराने दाबलं जातं आणि त्याची पकड वाढते. मागचं चाक त्याच वेळी हलकं होतं. फक्त मागचाच ब्रेक लावायची सवय लागली की दोन तोटे होतात. थांबायला अंतर बरंच जास्त लागतं, आणि घाबरून जोरात दाबला की हलकं झालेलं मागचं चाक जागच्या जागी अडकून गाडीची शेपटी बाजूला फिरते. कोरड्या रस्त्यावर थांबवायचं बरंचसं काम पुढचा ब्रेक करतो. ओल्या रस्त्यावर आपण मुळातच हलका ब्रेक लावतो, वजन कमी सरकतं, म्हणून तिथे दोन्ही चाकांकडून जवळजवळ सारखं काम घ्यावं लागतं. म्हणजे ओल्यात मागच्या ब्रेकचा वाटा थोडा वाढतो, पण पुढचा सुटत नाही.

खरा घातक असतो तो एकदम दाबलेला पुढचा ब्रेक. वजन पुढे सरकायला क्षणभर लागतो. तेवढा वेळ दिला की टायर आधी रस्त्यावर दाबला जातो आणि मग ब्रेकचा जोर सोसतो. तेवढा वेळ न देता लिव्हर खेचला तर चाक दाबलं जाण्याआधीच अडकतं, आणि पुढचं चाक एकदा अडकलं की तोल राहत नाही. म्हणून लिव्हर दोन टप्प्यांत दाबायचा. आधी अगदी हलकेच, ब्रेक जेमतेम लागतोय असं जाणवेपर्यंत. मग त्यावर हळूहळू जोर वाढवत न्यायचा. सोडतानाही झटक्याने सोडायचा नाही. बहुतेक स्कूटरवर उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो आणि डाव्या हाताला मागचा. काही गाड्यांत एकच लिव्हर दाबला तरी दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. तुमच्या गाडीत नेमकी काय व्यवस्था आहे ते पुस्तिकेत वाचून घ्या. चालवणाऱ्याला हे माहीत नसतं असं मी फार वेळा पाहते आणि दर वेळी काळजी वाटते. गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, असेल तर जोरात ब्रेक लावल्यावर लिव्हर बोटांखाली थरथरेल. घाबरून सोडू नका, तो त्याचं काम करत असतो. मात्र एबीएस आहे म्हणून कललेल्या गाडीत वळणावर ब्रेक दाबायची मुभा मिळत नाही.

यासोबत एक बारीक गोष्ट तपासा. दचकल्यावर उजवा हात ब्रेक दाबताना मूठही घट्ट पकडतो आणि नकळत ॲक्सिलरेटर थोडा पिळलेलाच राहतो. म्हणजे पुढचं चाक थांबायला बघतं आणि मागचं ढकलायला. ब्रेकआधी ॲक्सिलरेटर पूर्ण सोडायचा, ही सवय हाताला मुद्दाम लावावी लागते.

ती लावायची कशी? मोकळं, सपाट, कोरडं मैदान किंवा रिकामं पार्किंग शोधा. हेल्मेट, पूर्ण बाह्या, बोटं झाकणारे बूट आणि जमल्यास हातमोजे घालून जा. ताशी १५ ते २० च्या वेगात सरळ रेषेत या, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा, आणि मग दोन्ही ब्रेक वर सांगितलं तसे दोन टप्प्यांत दाबून थांबा. पुन्हा करा. लिव्हर किती दाबल्यावर किती ब्रेक लागतो हे बोटांना कळायला लागेपर्यंत करत राहा. एका दिवशी कंटाळा येईल एवढं करू नका, चार वेगळ्या दिवशी थोडं थोडं करा. मग तीच जागा ओली असताना, वेग आणखी कमी ठेवून करा. ओल्या जागेवर पहिल्यांदा कुणीतरी सोबत असू द्या. तुमची भीती समजूत घालून जाणार नाही. गाडी ओल्या जमिनीवरही शहाण्यासारखी थांबते हे हाताने अनुभवलं की ती कमी होईल.

तुम्ही लिहिलंय की दोन्ही ब्रेकवर बोटं आवळून आणि पाय खाली सोडून चालवता. या दोन्ही गोष्टी सोडाव्या लागतील. ब्रेकवर बोटं नुसती टेकलेली असावीत, आवळलेली नकोत. आवळलेला हात दचकला की सरळ पूर्ण दाबतो. खांदे आणि कोपरं ताठ झाली की हँडल जखडल्यासारखं होतं. चाक ओल्यावर किंचित सरकलं तर ते बऱ्याचदा स्वतःहून सावरतं, पण त्यासाठी हँडलला थोडं हलायला मोकळीक लागते. आणि पाय खाली लोंबकळत ठेवल्याने तोल सांभाळला जात नाही, उलट बिघडतो. गाडी घसरलीच तर तो पाय तिच्याखाली सापडतो. गाडी चालू लागली की पाय फूटबोर्डवर, थांबता थांबता एक पाय खाली, एवढंच. तो टेकवताना खाली चिखल, पांढरा रंग किंवा लोखंडी झाकण नाही ना हे बघा, कारण थांबलेल्या गाडीवरून पडणारेही बरेच असतात. गुळगुळीत तळव्याच्या चपला ओल्या दिवशी घालूच नका.

रस्ता वाचायला शिका. पाऊस सुरू झाल्यावरचा पहिला काळ सगळ्यात वाईट, विशेषतः बरेच दिवस कोरडे गेले असतील तर. गाड्यांमधून ठिबकलेलं तेल, टायरचं झिजलेलं रबर आणि धूळ रस्त्यावर बसलेली असते. थोडं पाणी पडलं की त्याचा बुळबुळीत लेप होतो. जोराचा पाऊस बराच वेळ पडला की तो धुऊन जातो आणि रस्ता, ओला असला तरी, थोडा बरा होतो. तुम्ही पडलात तो भुरभुर पाऊस नेमका त्या वाईट काळातला होता. शक्य असेल तेव्हा अशा वेळी थोडं थांबून निघा, सरीला जोर येऊन रस्ता धुतला जाऊ द्या.

डांबरापेक्षाही निसरड्या जागा असतात. रंगवलेले पट्टे आणि बाण, लोखंडी झाकणं, पुलांच्या सांध्यांवरच्या धातूच्या पट्ट्या, रूळ, भेगा बुजवायला ओतलेलं चकचकीत डांबर, कुजलेली पानं, बांधकामाबाहेर सांडलेला चिखल. पेट्रोल पंपाचं आवार आणि सिग्नलजवळचा पट्टा इथे तेल जास्त ठिबकलेलं असतं. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर ते तेलच आहे, त्यावरून वळू नका. यातलं बरंच काही टाळता येत नाही, आणि प्रत्येक पट्टा चुकवायला नागमोडी जाणं तर आणखी वाईट. जायचंच तर सरळ, गाडी उभी ठेवून, ॲक्सिलरेटर स्थिर धरून आणि ब्रेकला हात न लावता जा. रूळ ओलांडताना शक्य तितकं काटकोनात ओलांडा, तिरपं गेलं की चाक त्यावरून घसरत जातं. साचलेल्या पाण्याखाली काय आहे हे दिसत नाही, आणि स्कूटरचं चाक लहान असल्याने जो खड्डा मोटारसायकल सहज पार करते त्यात ते खोल जातं. म्हणून डबकं टाळता आलं तर टाळाच.

पाणी साचलेल्या रस्त्यावर टायर तरंगतो आणि म्हणून गाडी घसरते, असं तुम्ही ऐकलं असेल. तो प्रकार खरा आहे, पण तो मोठ्या वेगाचा. दुचाकीचा टायर अरुंद आणि गोलसर असतो, पाणी बाजूला सारतो. खाचा शाबूत असतील आणि हवा बरोबर असेल तर ताशी ८० च्या आसपास किंवा त्याहून जास्त वेगाला ही भीती सुरू होते. तुमच्या वेगाला घसरण होते ती बुळबुळीत लेपामुळे, रंगामुळे आणि दचकलेल्या हातामुळे.

आता मेकॅनिकचा हवा कमी करायचा सल्ला. तो चुकीचा आहे. हवा कमी केली की रबर जमिनीला जास्त टेकतं हे दिसायला खरं वाटतं. पण मऊ पडलेल्या टायरच्या खाचा दबून मिटतात आणि पाणी बाहेर टाकायचं त्यांचं काम मंदावतं. वळताना टायरच्या भिंती डगमगतात, हँडल जड लागतं आणि टायर कडेने लवकर झिजतो. गरजेपेक्षा जास्त हवाही तेवढीच वाईट. गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत पुढच्या आणि मागच्या चाकाचे वेगवेगळे आकडे दिलेले असतात, डबल सीटसाठी मागचा आकडा सहसा जास्त असतो. तेवढीच हवा ठेवा. ती टायर थंड असताना, म्हणजे गाडी काही तास उभी असताना मोजायची. आठवड्यातून एकदा तरी बघा.

आता टायर बदलायचे की नाही. गाडी कोरी आहे म्हणजे टायरही कोरे आहेत, आणि कोरे टायर सुरुवातीला जरा निसटतेच असतात. साच्यातून काढलेलं रबर वरून गुळगुळीत असतं. पहिले शे-दीडशे किलोमीटर कोरड्या रस्त्यावर, बेताने चालवले की तो थर घासला जातो आणि खरं रबर रस्त्याला लागतं. नवीन चालक, नवी गाडी, नवे टायर आणि पहिला पाऊस असं सगळं एकत्र आलं की काय होतं ते तुम्ही भोगलंत. चूक कुणा एकाची नव्हती. सर्व्हिसिंगला गाडी दिली की टायर चमकवणारं पॉलिश लावू नका असं आवर्जून सांगा. ते भिंतींवरून ओघळून रस्त्याला लागणाऱ्या भागावर आलं तर पहिल्याच वळणावर पाडेल.

शेजाऱ्यांचं म्हणणं इतकंच खरं की गाडीबरोबर येणारे काही टायर जास्त टिकावेत म्हणून कडक रबराचे असतात आणि कडक रबर ओल्यावर कमी चिकटतं. मऊ रबराचा टायर जास्त पकडतो आणि लवकर झिजतो. दीडशेएक किलोमीटर झाले, हवा बरोबर आहे, हात हलका झाला आहे, आणि तरीही सरळ रस्त्यावर हलक्या ब्रेकला चाक सरकतंय असं वाटलं, तर बदलण्याचा विचार जरूर करा. तोवर पैसे जपून ठेवा. बदलताना फक्त माप नव्हे तर फिरण्याची दिशा दाखवणारा बाणही बघून घ्या. बऱ्याच टायरच्या भिंतीवर तो असतो, आणि उलटा बसवलेला टायर पाणी नीट बाहेर टाकत नाही. भिंतीवर चार आकडी निर्मितीची खूणही असते: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. फार दिवस पडून राहिलेलं रबर खाचा शाबूत असूनही कडक झालेलं असतं, तेव्हा दुकानात ही खूण वाचून मगच हो म्हणा. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की बदलायचाच, आणि पाऊस तोंडावर असेल तर त्याच्या थोडं आधीच.

खोल पाण्यातून गेल्यावर एक लक्षात ठेवा. ड्रम ब्रेकमध्ये, म्हणजे चाकाच्या मधोमध बंद डब्यात असलेल्या ब्रेकमध्ये, पाणी शिरलं की तो काही वेळ लागतच नाही. बाहेर आल्यावर, मागे कुणी नाही बघून, हळू चालवत ब्रेक हलकेच दाबून धरा, म्हणजे उष्णतेने तो सुकेल. डिस्क ब्रेकलाही, म्हणजे चाकाशेजारच्या उघड्या चकतीवर लागणाऱ्या ब्रेकलाही, ओला असताना पहिल्या क्षणी थोडा उशीर लागतो. उतारावर जास्तच सांभाळा. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये वेग बराच उतरला की इंजिनाला चाकाशी जोडणारा क्लच आपोआप सुटतो आणि इंजिन गाडीला रोखून धरत नाही. म्हणून ओल्या उतारावर शिरण्याआधीच वेग उतरवा आणि दोन्ही ब्रेक हलके लावून ठेवा.

आणि तरीही चाक घसरलंच तर? पुढचं सरकलं असेल तर पुढचा ब्रेक त्या क्षणी सोडा, फिरू लागलेलं चाकच गाडी सावरतं. गाडी सरळ असताना मागचं सरकलं तर मागचा ब्रेक सैल करा. शेपटी बरीच बाजूला फिरली असेल तर मात्र एकदम सोडू नका, चाकाला अचानक पकड मिळून गाडी उलट्या बाजूला फेकली जाते. अशा वेळी तसाच धरून थांबू द्या. नजर खड्ड्यावर किंवा सायकलवाल्यावर खिळू देऊ नका, जिथून निघायचं आहे त्या मोकळ्या जागेकडे ठेवा. हात नजरेमागे जातात.

मुलीला मागे बसवायचं तुमच्या मनात आहे, त्याबद्दल मी थोडी कडक होणार आहे. मागे माणूस बसला की मागचं वजन वाढतं, पुढचं चाक हलकं होतं, हँडल वेगळं लागतं, थांबायला अंतर जास्त लागतं, आणि मागच्याच्या हालचालीने तोल बदलतो. हे सगळं ओल्या रस्त्यावर पहिल्यांदाच अनुभवू नका. आधी एकटीने काही आठवडे चालवा, त्यात खऱ्या पावसाचे दिवसही येऊ द्या. मग कोरड्या, ओळखीच्या रस्त्यावर एखाद्या मोठ्या, शांत बसणाऱ्या माणसाला मागे घेऊन बघा. त्यानंतर मुलगी. तिचे पाय फूटरेस्टवर नीट पोचायला हवेत, तिच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि वळताना तुमच्याबरोबर कलायचं, उलट्या बाजूला नाही, हे तिला गाडी उभी असतानाच शिकवा. ओल्या दिवशी तिला क्लासला सोडायचं ते तेव्हा, जेव्हा एकटीने ओल्यात जाताना तुमची बोटं आपोआप नुसती टेकलेली असतील आणि वळणाआधी वेग उतरवायची आठवण स्वतःला करून द्यावी लागत नसेल. तोपर्यंत पावसाच्या दिवशी क्लासची दुसरी सोय करा, आणि का केली ते मुलीला मोकळेपणाने सांगा.